वाचकांचे प्रश्न : मंक चुकतो की मी चुकीचं ऐकतोय?

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून जॅझवर तीन प्रश्न आले आणि तिन्ही एकाच माणसाबद्दल, त्यामुळे बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार. मी मिरजेचा, वय 68. पस्तीसेक वर्षं भजनाला आणि अधूनमधून गाण्याच्या बैठकीला पेटीची साथ केली. जावयानं थेलोनियस मंक या अमेरिकन पियानोवाल्यावरची 'स्ट्रेट, नो चेसर' ही डॉक्युमेंटरी टीव्हीवर लावून दिली, दोनदा बघितली. माणूस विलक्षण आहे हे कळलं, पण वाजवणं ऐकताना सारखं वाटतं की बोट घसरलं, शेजारची पट्टी दाबली गेली. मधेच पियानो सोडून उठतो आणि गोल गोल फिरतो. जावई म्हणतो हा फार मोठा कलाकार. खरं सांगा, हा चुकतो की मी चुकीचं ऐकतोय?

उत्तर : काका, तुमचा कान बरोबर आहे. शेजारची पट्टी खरंच दाबली जातेय. मुद्दाम दाबतोय तो.

मला हे कळायला दोन वर्षं लागली, तुम्हाला पेटीमुळे दोन मिनिटांत कळेल. पेटी काढा. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार एकदम दाबा, कचकन लागेल कानाला, लागू दे. आता कोमल सोडा आणि शुद्ध तसाच धरून ठेवा. ऐकलंत? मधे कुठेतरी एक सूर सरकल्याचा भास झाला की नाही? अमेरिकेतले ब्लूज गाणारे जो गंधार लावतात तो ह्या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो, गळ्यातून येतो, गिटारची तार ओढून येतो, पण पियानोत तो नाहीच कारण पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे फक्त फट असते. मंक त्या फटीच्या दोन्ही बाजू एकदम वाजवतो आणि मधला सूर ऐकणाऱ्याला ऐकायला लावतो. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही म्हणून आपल्या आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला दारातच उभं केलं नव्हतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. मंक हा त्याच दुखण्यावर स्वतःचा काढा शोधलेला माणूस आहे.

माझी गंमत सांगतो. पहिल्यांदा मंक ऐकला तो एका मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर, आणि पहिल्या मिनिटातच मी टेप बंद करून कॅसेट बाहेर काढली, पेन्सिल घालून रीळ घट्ट केलं, परत लावली. तरी तेच. मग हेड साफ केलं, कापूस आणि स्पिरिट लावून. तरी तेच. तेव्हा कुठे डोक्यात आलं की बिघाड मशीनमधे नाहीये. तुम्ही तर पहिल्याच फटक्यात बोटावर शंका घेतलीत, माझ्यापेक्षा पुढे आहात.

आता फिल्मबद्दल. ही फिल्म 1988 ची, दिग्दर्शन शार्लट झ्वेरिनचं, पैसे आणि पाठबळ उभं केलं क्लिंट ईस्टवूडनं (हो तोच, घोड्यावरचा, त्याला जॅझचं भयंकर वेड). पण तिचा जीव आहे तो 1967-68 मधल्या फुटेजमधे. ख्रिश्चन ब्लॅकवुड नावाचा कॅमेरामन तेव्हा पश्चिम जर्मनीच्या टीव्हीसाठी मंकच्या मागे मागे फिरला, स्टुडिओत, विमानतळावर, ग्रीनरूममधे, युरोपच्या दौऱ्यात. जवळजवळ 14 तासांचं हे रीळ वर्षानुवर्षं पडून होतं.

म्हणजे हिशोब बघा. मंकचा जन्म 10 ऑक्टोबर 1917 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटचा. कॅमेरा त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा तो पन्नाशीला आलेला. तुम्ही दोनदा बघितलीत ती पन्नाशीतली दमलेली दोन वर्षं, आणि त्याच्या नावावरचं रेकॉर्डिंग सुरू होतं तिसाव्या वर्षी. स्वतःच्या नावावरचं पहिलं सेशन 15 ऑक्टोबर 1947, तिशी पूर्ण होऊन पाचच दिवस झालेले. मधली वीस वर्षं फिल्ममधे फोटोंत आणि निवेदनात आहेत, पण ती ऐकायची असतील तर रेकॉर्डला पर्याय नाही, आणि खरा माणूस त्या वीस वर्षांत तयार झालाय.

तरी फिल्म बघायची ती कशासाठी, तर हातापायांसाठी. आवाज बंद करून दहा मिनिटं बघा एकदा. बोटं बघा, पियानोच्या मास्तरांनी शिकवलेली गोल वाकवलेली बोटं नाहीत ती, सरळ, सपाट, लाटण्यासारखी पडतात. बोटात भली मोठी अंगठी. आणि उजवा पाय! तो नुसता ठेका धरत नाही, बूट जमिनीवर घासतो, मधेच आपटतो, मधेच हवेत थांबतो, आणि पाय थांबला की हातही थांबतो. मंकमधली शांतता कुठून येते ते मला रेकॉर्डवरून कधीच कळलं नव्हतं, पाय बघून कळलं. दोन सुरांच्या मधे तो थांबलेला असतो तेव्हा आत मात्रा चालूच असते. तबलजी खाली सोडतो तेव्हा आपण मनात मोजतो ना, तसंच.

गोल फिरण्याचे दोन प्रकार आहेत हेही बघून ठेवा. एक स्टेजवरचा. चार्ली राउझ हा त्याचा सॅक्सोफोनवाला सोलो घेतोय, मंक उठला, म्हणजे पियानो गेला, मागे फक्त बास आणि ड्रम राहिले, आणि हा बाजूला पाय टाकत टाकत फिरतोय. वाटतं भान नाही. पण जिथे परत यायचं तिथे बरोबर येऊन बसतो, एक मात्रा इकडेतिकडे नाही, समेवर. राउझ त्याच्याबरोबर दहाएक वर्षं वाजवत होता, त्याला ह्या नाचावरून कळायचं की बरं चाललंय. दुसरा प्रकार विमानतळावरचा, जिथे संगीत नाही काही नाही आणि हा जागच्या जागी गरागरा फिरतो. तो बघताना मला अजूनही कसंतरीच होतं. त्याबद्दल खाली पुण्याच्या ताईंच्या उत्तरात लिहितोय.

आता तुम्हाला गृहपाठ. एकच चीज घ्या, 'ब्लू मंक'. मंकनं आयुष्यभर स्वतःच्या मोजक्या साठ-सत्तर रचना वाजवल्या, त्याच त्याच, आणि लोक म्हणायचे नवीन काही कर. आपल्याकडे एखादा गवई चाळीस वर्षं तोच यमन गातो तेव्हा आपण असं म्हणत नाही, त्यामुळे मराठी माणसाला हे पटकन पचायला हवं. 'ब्लू मंक' बारा बारचा ब्लूज आहे, एक बार चार मात्रांचा, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. सुरावट अर्ध्या अर्ध्या सुरानं सरकत वर चढते, लहान मूल जिना चढतं तशी, पेटीवर पाच मिनिटांत बसेल तुमच्या.

पहिलं ऐका 1954 चं, पर्सी हीथ बासवर आणि आर्ट ब्लेकी ड्रमवर. मग 29 नोव्हेंबर 1957 चं, कार्नेगी हॉल, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. ह्या रेकॉर्डिंगची कथा म्हणजे नशिबाचा खेळ. व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओनं ते टेप केलं, डबे लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे गेले आणि 2005 पर्यंत कुणाच्या लक्षातच नव्हतं की आत काय आहे. त्या दोघांचं एकत्र वाजवणं तोवर फार थोडं उपलब्ध होतं आणि अचानक अख्खी मैफल हाती आली, तीही स्वच्छ आवाजात. कोल्ट्रेन धबधब्यासारखा कोसळतो आणि मंक त्याच्याखाली एक एक दगड ठेवत जातो. तिसरं 1958 चं न्यूपोर्ट फेस्टिव्हलमधलं, ते 'जॅझ ऑन अ समर्स डे' ह्या फिल्ममधे आहे, पण तिथे मंक वाजवायला लागतो न लागतो तोच कॅमेरा शिडाच्या होड्यांची शर्यत दाखवायला पळतो आणि वर निवेदकही बोलतो. समोर मंक बसलाय आणि तुम्ही होड्या काय दाखवताय! दरवेळी चिडतो मी. चौथं 1959 चं सॅन फ्रान्सिस्कोतलं, रिकाम्या हॉलमधे एकटा पियानो. पाचवं 27 ऑक्टोबर 1968, पालो आल्टोच्या एका हायस्कूलमधलं.

हे पाचवं जरा सविस्तर सांगतोच. शाळेतल्या 16 वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं फोन करून मंकला आपल्या शाळेत वाजवायला बोलावलं, आणि मंक आला. साल 1968, एप्रिलमधे मार्टिन लूथर किंगचा खून झालेला, गोऱ्यांचं पालो आल्टो आणि हायवेपलीकडचं काळ्यांचं ईस्ट पालो आल्टो ह्यांच्यात तणाव, त्या मुलानं दोन्हीकडे पोस्टर लावली. शाळेच्या सफाई कामगारानं विचारलं, मला टेप करू देशील का, दिलंस तर पियानो ट्यून करून देतो. तेवढ्यावर सौदा झाला. टेप घरातल्या माळ्यावर राहिली आणि रेकॉर्ड बाहेर आली 2020 मधे. आता लक्षात घ्या, तुमच्या फिल्मचं शूटिंगही ह्याच सुमाराचं. फिल्म बघून वाटतं माणूस विझत चाललाय, आणि शाळेच्या हॉलमधला हा मंक ऐका, तीच माणसं साथीला, राउझ, लॅरी गेल्स, बेन रायली, आणि काय खुशीत वाजवतोय! कॅमेऱ्यानं दाखवलं ते खोटं नाही, पण त्याच सुमाराला हेही चालू होतं.

पाचही ऐकून झाली की फिल्म तिसऱ्यांदा बघा आणि मला कळवा बोट घसरतंय का.

प्रश्न : दादा, मी पुण्यात आयटीत आहे, 29 वर्षांची. फेस्टिव्हलला 'रिवाइंड अँड प्ले' बघितली आणि घरी आल्यावर झोप लागली नाही इतका राग आला. आजारी, घामाघूम माणसाला समोर बसवून तेच तेच प्रश्न विचारतात, आणि त्यानं खरं बोललं की पुसा म्हणतात. अशा फिल्म बघणं म्हणजे आपणही त्या छळात सामील होणं नाही का? त्यापेक्षा फक्त रेकॉर्ड ऐकाव्यात का, आणि ऐकायच्या तर कुठून सुरुवात करू?

उत्तर : राग आला हे चांगलंच झालं, फिल्म त्यासाठीच तशी जोडलीय. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर 1969, मंक पॅरिसमधे मैफलीला आलाय, फ्रेंच टीव्ही त्याच्यावर एक कार्यक्रम करतंय, मुलाखत घेतोय आन्री रनो, जो स्वतः जॅझ पियानिस्ट होता आणि मंकला 1954 पासून ओळखत होता. कार्यक्रमासाठी जे शूट झालं त्यातलं न वापरलेलं सगळं अर्काइव्हमधे राहिलं, आणि फ्रेंच-सेनेगली दिग्दर्शक आलाँ गोमिस ह्यानं तेच जोडून 2022 मधे ही फिल्म केली.

रनो विचारतो, पियानो स्वयंपाकघरात का ठेवला होता. त्याला त्यातून काहीतरी विक्षिप्त, गमतीदार उत्तर हवंय. मंक म्हणतो, तिथेच जागा होती. झालं. मग 1954 च्या पहिल्या पॅरिस दौऱ्याचा विषय निघतो आणि मंक शांतपणे सांगतो की माझं नाव वर होतं पण पैसे मलाच सगळ्यांपेक्षा कमी मिळाले. त्यावर रनो फ्रेंचमधे आपल्या माणसांना सांगतो की हे काढून टाका, हे बरं दिसत नाही. आणि परत पहिल्यापासून तोच प्रश्न.

तुमचा मुद्दा कळतो, पण मी उलट्या बाजूनं बघतो. टीव्हीवर जाणार होता तो कार्यक्रम छान, गोड, पियानोभोवती फेऱ्या मारणाऱ्या एका गमत्या माणसाचा झाला असता. कमी पैशांचं वाक्य त्यात नसतंच. ते वाक्य आज आपल्याला माहीत आहे ते कुणीतरी ती उरलेली रिळं फेकून दिली नाहीत म्हणून. आणि ते वाक्य नुसत्या त्या दौऱ्यापुरतं नाही. 1951 मधे अमली पदार्थांच्या एका प्रकरणात मंकला अटक झाली आणि त्याचं कॅबरे कार्ड गेलं. हे कार्ड न्यूयॉर्कचे पोलिस द्यायचे, ते नसेल तर दारू मिळते अशा कुठल्याही क्लबमधे वाजवायची बंदी, म्हणजे शहरातला रोजचा धंदाच बंद. 1957 पर्यंत ही तऱ्हा. त्याच काळात त्याचा रेकॉर्डचा करार एका कंपनीकडून दुसरीकडे गेला तो किती रकमेला, तर 108 डॉलर 27 सेंट, तेवढी पहिल्या कंपनीची उचल अंगावर होती. हे डोक्यात ठेवून रनोसमोरचा तो शांत चेहरा परत बघा.

आजाराचं म्हणाल तर, 'स्ट्रेट, नो चेसर'मधे त्याचा मुलगा टी. एस. मंक, तो स्वतः ड्रमर, वडिलांच्या त्या दिवसांबद्दल स्पष्ट बोलतो. विमानतळावरचं ते फिरणं मी त्याच्या बोलण्यासकट बघतो, नुसतं बघत नाही. विक्षिप्त कलाकार, वेडा जीनियस, टोपीवाला, हे सगळं छापून छापून लोकांनी इतकं गुळगुळीत केलंय की दुखणं त्यात दिसेनासं होतं. घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं की ते परत दुखणं होतं.

आणि 'रिवाइंड अँड प्ले'मधली एक गोष्ट तुम्ही रागाच्या भरात विसरलात बहुतेक. प्रश्न थांबतात, आणि तो वाजवतो. कॅमेरा अगदी जवळ, कपाळावरून घाम ओघळतोय, हात एकमेकांवरून पलीकडे जातायत. तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. फक्त तेवढं परत बघा.

ऐकायला सुरुवात कुठून? सगळ्यात आधी 'ब्रिलियंट कॉर्नर्स', 1956 चं. सोपं नाहीये, मुद्दाम देतोय, कारण तुम्ही चिडल्या आहात आणि चिडलेल्या माणसाला सोपं संगीत आवडत नाही. ह्यातली शीर्षकाची रचना 22 बारची, आठ-सात-सात अशी वेडीवाकडी तोडलेली, आणि एक आवर्तन ठाय, म्हणजे संथ, तर पुढचं दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात. सोबत सॅक्सोफोनवर सॉनी रॉलिन्स आणि ड्रमवर मॅक्स रोच अशी तगडी माणसं असूनही 25 टेक झाले आणि एकही पूर्ण झाला नाही, शेवटी निर्माता ऑरिन कीपन्यूजनं तुकडे जोडून रेकॉर्ड केली. कान देऊन ऐकलंत तर सांधा सापडतो म्हणतात, मला अजून नक्की सापडलेला नाही. (ह्यातला रॉलिन्स पुढे साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि 1978 च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवूनही गेला, त्या वेळी ऐकलेले लोक मुंबईत अजून भेटतात आणि भेटले की सोडत नाहीत.)

मग 'क्रेपस्क्यूल विथ नेली', 1957 ची. बायको नेली ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती तेव्हा लिहिलेली. ह्यात मंक सोलो घेत नाही, कुणालाच घेऊ देत नाही, लिहिलंय तेवढं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं आणि थांबायचं. वर्षानुवर्षं तसंच. रात्री ऐका, हेडफोन लावून, लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, त्यात डाव्या हाताचे खालचे सूर मरतात.

प्रश्न : मी मूळची चिपळूणची, आता न्यू जर्सीत. नवरा जॅझवाला, मी नाही. त्याच्या वाढदिवसाला मंकशी संबंधित कुठेतरी घेऊन जायचा विचार आहे, एका दिवसात होईल असं काही आहे का? त्याला आधी सांगणार नाहीये.

उत्तर : वहिनी, तुम्ही मंकच्या शेवटच्या गावातच आहात जवळजवळ. 1972 नंतर तो तुमच्या न्यू जर्सीतल्या वीहॉकनमधे राहायला गेला, पॅनोनिका म्हणजे निका ह्या मैत्रिणीच्या घरी. निका रॉथ्सचाइल्ड घराण्यातली, जॅझवाल्यांची मोठी आधार, घरात मांजरं किती त्याला गणती नाही. 1976 नंतर मंकनं लोकांसमोर वाजवलं नाही आणि त्या घरातही पियानो असून त्याला हात लावणं जवळपास बंद केलं. 17 फेब्रुवारी 1982 ला गेला. घर खाजगी आहे, तिथे जाऊन बेल वाजवू नका. वीहॉकनला नदीकाठच्या उंच रस्त्यावर गाडी लावा, हडसनपलीकडे अख्खं मॅनहॅटन दिसतं, तेच त्याच्या डोळ्यासमोर असायचं.

मग पलीकडे जा. मॅनहॅटनमधे वेस्ट 63वा रस्ता, लिंकन सेंटरच्या मागच्या बाजूला. चार वर्षांचा असल्यापासून तो इथे वाढला, लग्न होऊन मुलं झाली तरी ह्याच गल्लीत, आणि वर पुण्याच्या ताईंना सांगितलं ते पियानोवालं स्वयंपाकघर इथलंच. आता त्या तुकड्याला थेलोनियस स्फिअर मंक सर्कल नाव आहे, स्फिअर हे त्याचं मधलं नाव. पाटी आहे, बाकी बघण्यासारखं विशेष काही नाही हे आधीच सांगतो. वेळ उरला तर हार्लेममधे वेस्ट 118व्या रस्त्यावर मिंटन्स ह्या क्लबची जागा बघा, 1940 नंतर मंक तिथे नोकरीला होता, रोज रात्री वाजवायचा, आणि सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी ह्यांच्यासारखी माणसं नंतर येऊन मिसळायची. कूपर स्क्वेअरच्या फाइव्ह स्पॉट क्लबला मात्र नवऱ्यानं हट्ट केला तरी जाऊ नका, कार्ड परत मिळाल्यावर 1957 मधे मंक-कोल्ट्रेन जिथे महिनोन् महिने वाजले ती जागा राहिलेली नाही.

गाडीत कार्नेगी हॉलची 1957 ची रेकॉर्ड लावा, वीहॉकनहून निघताना सुरू केलीत तर लिंकन टनेलच्या ट्रॅफिकमधे आरामात संपेल. आणि 63व्या रस्त्यावरच्या पाटीचा एक फोटो काढून पाठवा, मिरजेच्या काकांना छापून देतो.